कांद्याच्या लग्नाचा जानोसा

नोकरीत असताना कुठल्या लग्नाला गेलो की पंगतीत शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "तुम्ही काय करता?" मी सांगायचो, "मीही लग्नंच लावतो. कांद्याची." माणूस आधी हसायचा, मग जरा सरकून बसायचा. वरण वाढणारा येईपर्यंत मी त्याला सगळा धंदा समजावून सांगत असे आणि मठ्ठा येईपर्यंत तो मला त्याच्या मेव्हण्याच्या वावरात कांदा लावायचं आमंत्रण देत असे.

मी एका बियाणे कंपनीचा फील्डवरचा माणूस. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, धाडपासून खाली देऊळगावराजाकडे जाणाऱ्या पट्ट्यात, कांद्याचं बी तयार होतं. शहरातल्या लोकांना वाटतं, कांद्याच्या पोटातच कुठेतरी बी असतं. तसं नाही. दिवाळीनंतर निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना उंच पोकळ दांडे येतात आणि माघात प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढरा गोंडा फुलतो. एका गोंड्यात शेकडो बारीक फुलं. ती रोज थोडी थोडी उमलतात, तीन-चार आठवडे हा सोहळा चालतो. सगळ्यात मोठी अडचण अशी की एकाच फुलात नर आधी पिकतो आणि मादी मागून. नवरदेव येऊन वाट बघून परत गेल्यावर नवरी बोहल्यावर येणार. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेऊन टाकायला कुणीतरी लागतं. वाऱ्याच्याने ते होत नाही. ते काम मधमाश्यांचं. त्या आमच्या वऱ्हाडी. वऱ्हाड आलं नाही तर लग्न नाही, लग्न नाही तर बी नाही. गोंडे नुसते डोलतात आणि चैत्रात हातात येतं ते फोलपट.

या कामात माणसांशी भांडणं फार. बियाणाच्या प्लॉटजवळ दुसऱ्या जातीचा कांदा फुललेला चालत नाही, भेसळ होते. म्हणून मी आसपासची परसं फिरून फुललेले कांदे उपटायला सांगायचो. एका आजीनं तर माझा हात धरला होता. "माह्या कांद्यानं तुमचं काय घोडं मारलं बाप्पा? इतकं चांगलं फूल आलं, देवाले वाहते मी." शेवटी मी तिला झेंडूची रोपं आणून दिली, तेव्हा तिनं कांदा उपटू दिला. पुढे दरवर्षी ती मुद्दाम एक कांदा लावून माझी वाट बघायची.

पण मला सांगायची आहे ती कौसाबाईच्या प्लॉटची गोष्ट. हल्ली कुठेही निसर्गाचा विषय निघाला की एक जण म्हणतो, निसर्ग फार नाजूक आहे, आपण त्याची वाट लावली. दुसरा म्हणतो, काही होत नाही, निसर्ग सगळ्यांना पुरून उरतो. दोघंही तावातावानं बोलतात आणि मला कौसाबाईचं वावर आठवतं. एकाच वावरात, एकाच हंगामात, मी दोन्ही पाहिलं.

कौसाबाई धाडजवळच्या एका खेड्यातली. नवरा काविळीनं गेला. पदरात दोन मुली, वाट्याला विहिरीखालचं एक वावर. शेजारचं वावर दिराचं, नामदेवचं. विहीर दोघांत. नवरा गेल्यावर नामदेवनं तिला सांगून ठेवलं होतं की बाईच्यानं एकटीनं शेती होत नाही, वावर मला बटईनं दे. बटई म्हणजे कसणार तो, पीक निम्मं निम्मं. तिनं एक वर्ष मागून घेतलं. चार माणसांसमोर ठरलं, की कांद्याचं बी साधलं तर वावर तीच कसेल, नाही साधलं तर पुढच्या मृगापासून नांगर नामदेवचा. मला हे तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं.

"साहेब, एकदा नांगर त्यायचा लागला का मंग मी माह्याच धुऱ्यावर मजूर," ती म्हणाली. "निम्मं पीक देतीनच ते, खोटे नाहीत. पण वावर कोनाचं, असं इचारलं तं काय सांगू मी पोरीयले?"

धुरा म्हणजे बांध. त्या धुऱ्यावर उभी राहून ती हे बोलली आणि मी तिचा प्लॉट मंजूर करून टाकला. खरं तर मी तो करायला नको होता. कारण शेजारी नामदेवची कपाशी होती.

इथे कपाशीबद्दल सांगायला हवं. बीटी बियाणं आलं तेव्हा आमच्याकडे लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. बोंडअळी त्या झाडाला तोंड लावायची नाही. पहिली काही वर्षं घरोघरी फवारणीचे पंप माळ्यावर पडून होते. एका घरी तर पंपाच्या टाकीवर कोंबडी अंड्यांवर बसलेली मी पाहिली. मग हळूहळू गुलाबी बोंडअळी परत आली. तिनं त्या झाडाशी जुळवून घेतलं. बाहेरून बोंड टवटवीत आणि फोडलं की आत किडकी सरकी आणि अळी आरामात. पंप पुन्हा खाली आले. त्यातून नामदेवनं फरदड धरली होती, म्हणजे दिवाळीनंतर कपाशी उपटून टाकण्याऐवजी तिला पाणी देऊन आणखी एक-दोन वेचे घ्यायचे. अळीला यासारखं सुख नाही. बाकी सगळ्यांची वावरं मोकळी झालेली आणि हिच्यासाठी भर माघात हिरवी पंगत मांडलेली. नामदेव अळीवर फवारायचा, अळी बोंडात बसून राहायची.

दांडे वर येत होते तेव्हा कौसाबाईशी माझा एकच खटका उडाला, उकिरड्यावरून. प्लॉटच्या वरच्या कोपऱ्याला लागूनच तिचा उकिरडा होता, तिच्या शब्दात उकंडा. दोन गाईंचं शेण, घरचा केरकचरा, सडका पालापाचोळा. आमचे मोठे साहेब प्लॉट बघायला यायचे होते आणि त्यांना टापटीप लागायची. मी म्हणालो, "हे इथून हलवा."

"कशानं हलवू? बैल इकले. डोक्यावर वाहू काय?"

"वास येतो. माश्या होतात."

"मंग उकंड्यावर काय फुलपाखरं होतीन? मृगात तेच खत लागते मले. ऱ्हाऊ द्या."

राहू दिला. मोठे साहेब त्या वर्षी आलेच नाहीत, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

माघात गोंडे फुलले. प्लॉट असा पांढराशुभ्र झाला की रस्त्यानं जाणारे एसटीचे ड्रायव्हर मान वळवून बघत. मी सकाळी उन्हं तापल्यावर प्लॉटमध्ये शिरलो आणि पाच मिनिटांत कान टवकारून उभा राहिलो. फुललेल्या कांद्याच्या प्लॉटमध्ये एक आवाज असतो. सतत, बारीक, कढईत काही उकळत असल्यासारखा. आमच्या धंद्यातली माणसं प्लॉट डोळ्यांनी नाही, कानांनी तपासतात. तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. मला माझ्याच चपलांचा आवाज येत होता.

विहिरीजवळच्या पिंपळावर आग्या माश्यांचं मोठं पोळं होतं, त्याच भरवशावर मी होतो. जाऊन पाहिलं तर पोळं पांढुरकं, रिकामं लोंबत होतं. खाली पाचोळ्यात मेलेल्या माश्या, काही अजून पाय हलवत होत्या. कौसाबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. पदराचा शेव तोंडात धरून ती त्या पोळ्याकडे बघत राहिली.

मी तणतणत नामदेवकडे गेलो. तो पंप धूत होता.

"फवारा कधी मारला?"

"काल. दुपारी."

"भर दुपारी? माश्या फुलावर असतात तेव्हा? मी तुला संध्याकाळी मार म्हणून सांगितलं होतं."

"सकाळी लाइन नव्हती, मंग पानी देता देता दुपार झाली. संध्याकाळी सोयऱ्याकडं जायाचं होतं." मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काऊन, काय झालं?"

मी त्याला पिंपळाखाली नेलं. माझ्या मनात सारखं येत होतं की यानं हे मुद्दाम केलं, वावर हातात यावं म्हणून. पण मेलेल्या माश्या बघून तो उकिडवा बसला. त्यानं एक माशी तळहातावर घेतली.

"आईशप्पत साहेब, अळीसाठी मारलं होतं," तो म्हणाला. "अळी तर मरून नाही राह्यली. ह्या कशा मेल्या?"

जिला मारायला गेला ती अळी टुणटुणीत आणि ज्यांच्या जिवावर भावजयीचं वावर उभं होतं त्या माश्या पाचोळ्यात. नामदेवनं तळहातावरची माशी परत पाचोळ्यात ठेवली. मग तो म्हणाला, "फवारा बंद करतो आजपासून. शेळ्या घालतो कपाशीत. पण गेलेल्या माश्या मी कोठून आनू?"

त्यानं शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी धनगराच्या शेळ्या-मेंढ्या त्याच्या कपाशीत चरत होत्या आणि त्याच्या फरदडीचा निकाल लागला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावात त्याच्याबद्दल नंतर बरंच वाईट बोललं गेलं.

पुढचे दिवस मी जे जे केलं ते आठवलं की अजून हसू येतं. मधपेट्या ठेवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. त्यानं शेजारी फवारणी झाली हे ऐकलं आणि म्हणाला, "तुम्ही तुमच्या घरची माणसं पाठवाल का तिथं?" मग गूळपाणी. गुळाचं पाणी शिंपडलं की माश्या गोडाच्या वासानं येतात, हा आमचा हुकमी उपाय. पण यायला माश्या असाव्या लागतात. माश्यांऐवजी मुंगळे आले. दांड्यादांड्यावर मुंगळ्यांची रांग लागली आणि कौसाबाईच्या धाकट्या मुलीच्या पायाला फोड आले.

मग मी हलीमाबीला बोलावलं. हलीमाबी म्हणजे आमच्या भागातल्या क्रॉसिंगच्या टोळीची मुकादम. कपाशीचं, म्हणजे इथल्या बोलीत पऱ्हाटीचं, संकरित बी करताना बाया संध्याकाळी मादीच्या फुलातला नर काढून टाकतात आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग बोटानं लावून खुणेला दोरा बांधतात. इतकं नाजूक काम ही टोळी गप्पा मारत करायची. माझ्या डोक्यात आलं, ज्या बायांनी कपाशीची लग्नं लावली त्यांना कांद्याचं काय अवघड? जुन्या धोतराचं मऊ फडकं हाताला गुंडाळून या गोंड्यावरून त्या गोंड्यावर फिरवत जायचं.

दोन दिवस टोळी वाफ्यावाफ्यानं हात फिरवत होती. तिसऱ्या दिवशी हलीमाबीनं फडकं झटकलं.

"साब, पऱ्हाटीचं फूल एकदा धरलं का काम खतम. ह्या कांद्याचं रोज नवं नाटक. आज उमललं त्याले उद्या पुसा, उद्याचं परवा. आमाले घरदार हाय का नाही?"

"निदान सगळा प्लॉट एकदा तरी होऊ द्या."

"खालचा झाला. वरच्या कोपऱ्यात तिचा उकंडा हाय, तिथं नाही जात बाया. नाकाले पदर लावू का हात फिरवू?"

माणसानं माशीचं काम करायचं ठरवलं तर माशीला किती काम असतं ते कळतं. टोळी गेली. कौसाबाई आणि तिची थोरली मुलगी मात्र रोज सकाळी फडकी घेऊन फिरत राहिल्या. त्यांना मी कसं सांगणार होतो, की दोन बायांनी एवढा प्लॉट फळत नाही? मी एसटीत बसलो आणि दुसऱ्या गावांच्या प्लॉटकडे निघून गेलो. खरं म्हणजे मला तिथे थांबवेना.

परत गेलो तो शिमगा तोंडावर आला होता. रस्त्यावर उतरून पायवाटेनं येताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. प्लॉट नापास, हे तिला कसं सांगायचं, नामदेवसमोर सांगायचं की एकटीला. वरच्या कोपऱ्यानं आत शिरलो, कारण वाट तिथूनच होती. उकिरड्याच्या वासानं नाकाला रुमाल लावला आणि तसाच थबकलो. आवाज येत होता.

आधी वाटलं, उकिरड्यावरच्या माश्यांचा असेल. तो होताच. पण तो प्लॉटमधूनही येत होता. मी गोंड्याजवळ वाकलो. गोंड्यावर माश्या होत्या, मधाच्या नव्हेत. हिरव्या चकाकणाऱ्या, काळ्या केसाळ, घरात ताटावर बसतात त्या साध्या, आणि पिवळ्या पट्ट्यांच्या छोट्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या. एका गोंड्यावरून उडून दुसऱ्या गोंड्यावर बसत होत्या, तोंड खुपसत होत्या, पाय घासत होत्या. एका हिरव्या माशीची छाती परागानं अगदी पिवळी झाली होती. हळद लागलेली वऱ्हाडीणच.

मी जुन्या फुलांची बोंडं नखानं फोडली. आत दाणे भरलेले. अजून पांढरे, दुधाळ, पण भरलेले. दुसरा गोंडा, तिसरा, पलीकडच्या वाफ्यातला. सगळ्यात जास्त दाणे उकिरड्याच्या कोपऱ्यात होते, जिथे टोळीतली एक बाई फिरकली नव्हती. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच वाफ्यात बसलो, स्वच्छ पँटीसकट.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं. फवाऱ्यानं या माश्याही मेल्याच असतील. पण त्यांची पिल्लं शेणात खोल होती, तिथवर औषध पोचलं नाही. नामदेवनं फवारा थांबवला आणि आठ-पंधरा दिवसांत नवी फौज उडायला लागली. मधमाश्यांचं तसं नाही. त्यांचं घरच मोडलं, राणी गेली की संपलं. एकीला घर लागतं, दुसरीला घाण पुरते. आणि निसर्ग म्हणजे या दोघी.

कौसाबाई फडकं हाताला गुंडाळून खालच्या वाफ्यात होती. मी तिला वर बोलावलं आणि तळहातावर दाणे ठेवले. तिनं दाणे बघितले, मग मला, मग दाणे.

"भरले?"

"भरले."

"आमच्या फडक्यानं?"

मी उकिरड्याकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि फडक्यानंच डोळे पुसले. परागानं तिचे गाल पिवळे झाले.

चैत्रात गोंडे कापले, वाळवले, बडवले. वारा बघून सुपानं उपणलं तेव्हा फोलपट उडून गेलं आणि ताडपत्रीवर काळंभोर बी राहिलं. दरसाल जेवढं असतं तेवढं नव्हतं, पण पीक साधलं नाही असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नसती. ज्यांच्यासमोर बोली झाली होती ती चार माणसं आलीच होती. नामदेवही आला. त्यानं ओंजळभर बी उचललं, बोटांतून सोडलं आणि कौसाबाईला म्हणाला, "वैनी, वावर तुमचंच. मी हरलो."

"तुमी नाही हरले भाऊजी," कौसाबाई सूप खाली ठेवत म्हणाली. "तुमी शेळ्या नसत्या घातल्या तं हेबी नसतं झालं. पन आता मी काय म्हनते, तुमच्या कपाशीत तं काही ऱ्हायलं नाही. तुमचंच वावर मले द्या ना बटईनं."

चारी माणसं हसली. नामदेवही हसला, जरा उशिरानं. त्यानं वावर दिलं नाही, पण पुढच्या वर्षी फरदड धरली नाही आणि अर्ध्या वावरात कांदा लावला. त्याचाही प्लॉट मीच बघितला.

पिंपळावर आग्या माश्या परत आल्या का, असं लोक विचारतात. लगेच नाही आल्या. ते पोळं पडून गेलं, फांदी रिकामी राहिली. तिकडून जाताना मी दरवेळी वर बघायचो. आधी धुऱ्यावरच्या बोरीत फुलोरी माशीचं, म्हणजे छोट्या मधमाशीचं, तळहाताएवढं पोळं लागलं आणि आणखी काही हंगाम गेल्यावर, मी निवृत्तीला टेकलो असताना, पिंपळाच्या त्याच फांदीवर काळं पोळं दिसलं. नामदेवनं फोन करून सांगितलं होतं. "साहेब, आल्या बरं. पोट्टे गोटे मारून राह्यले होते, म्या हाकलले." मला वाटलं, या माणसानं इतकी वर्षं ती फांदी माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितली असणार.

म्हणून मला विचाराल तर निसर्ग काचेचा नाही आणि लोखंडाचाही नाही. आपण मारलेलं सगळं मरत नाही. पण काय मरेल आणि काय उरेल हे ठरवणं आपल्या हातात नसतं. आम्ही त्या वर्षी वाचलो ते शहाणपणानं नव्हे, एका बाईकडे बैल नव्हते म्हणून. त्याचं मला अजूनही हायसं वाटतं आणि थोडी भीतीही.

मोठे साहेब आले ते त्या हंगामाच्या दुसऱ्याच वर्षी. पांढरा शर्ट, नवे बूट. प्लॉट बघून खूष झाले, पण वरच्या कोपऱ्यात आल्यावर त्यांनी नाक मुरडलं आणि माझ्याकडे वळले. "काय हो, हा उकिरडा अजून इथेच? कुणाच्या परवानगीनं?"

मी तोंड उघडायच्या आत कौसाबाई पुढे झाली. आपल्याच धुऱ्यावर उभी होती, पदर खोचलेला.

"वावर माहं हाय साहेब, परवानगीबी माहीच," ती म्हणाली. "अन् उकंडा नोका म्हनू त्याले. लग्नात वऱ्हाड जिथं उतरते, त्याले आमी जानोसा म्हनतो."